साडेतीन तासांवर

फोन वाजला तेव्हा तौसीफच्या हातात चिमटा होता, चिमट्यात मूस होती आणि मुशीत कुणाच्या तरी आजीच्या पाटल्या नुकत्याच पाणी झाल्या होत्या. सोनं पाणी झालं की माणसाला दुसरीकडे बघता येत नाही. ओतायची वेळ एकच असते. ती चुकली की सोनं मुशीलाच धरून बसतं. तरी त्यानं बघितलं. टेबलाच्या फरशीवर फोन थरथरत, आपोआप सरकत कडेला निघाला होता आणि त्यावर ‘अम्मा’ अशी अक्षरं होती. सकाळचे अकरा. ही काही तिची वेळ नव्हे. रमजानात अम्माचा फोन रोज येई, पण संध्याकाळी, दिब्रुगढचा सूर्य बुडायच्या मिनिटाला, आणि तो उचलायचा नसे. दोन घंट्या वाजायच्या आणि ती कट करायची. रोजा खोल, एवढाच त्याचा अर्थ. नऊ वर्षांपूर्वी विट्याहून तो तिकडं गलाईच्या दुकानात, म्हणजे जुनं सोनं वितळवून शुद्ध करायच्या धंद्यात गेला, त्या पहिल्याच रमजानात त्यानं तिकडचं वेळापत्रक सांगितलं होतं. रुक्सारनं, त्याच्या धाकट्या बहिणीनं, ते वहीच्या कागदावर उतरवलं आणि अम्मानं तो कागद चुलीमागच्या भिंतीला भाताच्या शितानं चिकटवला. मग दर रमजानाला नवा कागद. यंदा तिकडं पाच वीस, इकडं पावणेसात. मधल्या सव्वा-दीड तासात ती स्वतःच्या रोज्याचा स्वयंपाक करायची, लेकाचं पोट भरलंय या समाधानात. आणि तौसीफच्या गल्लीतल्या मशिदीत बांग व्हायची ती त्याला ऐकू यायची खरी, पण खजुराला हात तो फोन वाजल्यावरच लावायचा. तो फोन त्यानं कधी उचलला नाही, कधी उलट केला नाही. बांगेला कुणी उलट हाक देतं का?

परवा-परवापर्यंत हे असंच होतं. काल मात्र अकराचा फोन दोन घंट्यांवर थांबला नाही. वाजत राहिला. त्यानं मूस कलती केली, सोन्याची धार साच्यात पडली, पिवळी, जाड, आणि फोन वाजतच होता. मग आपोआप बंद झाला. त्याला वाटलं, म्हातारीचं वेळेचं गणित चुकलं. त्याला हसूही आलं. तेजाबाच्या वाफेनं डोळे चुरचुरत होते, म्हणून तो दारात जाऊन उभा राहिला. समोरून सायकलवर कुणी केळीचा घड नेत होतं. त्या घडाच्या हिरव्या रंगाकडं बघता बघता तो फोन विसरला. हे विसरणंच आता त्याच्या छातीत, पुण्याच्या विमानतळाबाहेर उभ्या असलेल्या पांढऱ्या गाडीच्या मागच्या सीटवर, अवघडून बसलं होतं.

गाडी रुक्सारच्या नवऱ्यानं, वसीमनं, साताऱ्याहून पाठवली होती. ड्रायव्हर बिराप्पा, जतकडचा, कानात भिकबाळीसारखी बारीक बाळी आणि तोंडात न संपणारी गोष्ट. चार वाजून दहा मिनिटं झाली होती. फोनवरचा नकाशा साताऱ्याला दोन तास दहा मिनिटं दाखवत होता, निळी रेघ, कुठंही न थांबणारी. तौसीफनं ती बिराप्पाला दाखवली. बिराप्पानं आरशातून बघितलं आणि म्हणाला, "पाव्हणं, ह्यो फोन खंबाटकीत कवा अडकलाय व्हय? मी अडकलोय." मग जरा थांबून, आवाज खाली घेऊन, काळजी करू नका म्हणाला, म्हातारीला कालच बघून आलोय, शुद्धीवर हाय, मलाच इचारत व्हती जेवलास का.

शुद्धीवर होती, हाच तर पेच होता. रमजानभर अम्मा साताऱ्याला रुक्सारकडं राहायला आली होती. काल रुक्सार शाळेत शिकवायला गेली, वसीम दुकानात, घरात अम्मा एकटी. साडेबाराला रुक्सार परतली तर अम्मा स्वयंपाकघरात भिंतीला टेकून बसलेली, घामानं पदर भिजलेला, आणि फोन कानाला. बोलत नव्हती. नुसता कानाला धरलेला. दवाखान्यात नेलं. हृदयाच्या नळीत अडथळा आहे, नळी आतून फुगवावी लागेल, उशीर करू नका, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. अम्मानं कागदावर सही करायला नकार दिला. ल्योक साडेतीन तासावर हाय, म्हणाली, तो आला की करा. साडेतीन तास म्हणजे फार नव्हेत. बाईंनी औषधं चालू केली आणि वाट बघितली. रुक्सारनं तौसीफला कळवलं ते चार वाजता, कारण अम्मानं तेही करू दिलं नव्हतं. त्याचा रोजा हाय, सांजच्याला सांग, हितनं काय लांब हाय का तो. चारनंतर दिब्रुगढहून विमान नव्हतं. सकाळचं होतं. मग अम्मानं सांगितलं की सकाळचं विमान हाय, साडेतीन तासाचं. दुपार झाली. बाई रागावल्या. अम्मा म्हणाली, आलाच. अशी ती कालपासून त्या साडेतीन तासांवर बसून होती, आणि तिचं हृदय आत एकेक पायरी उतरत होतं. तौसीफनं कोलकात्याहून फोन केला, सही कर म्हणून विनवलं. रुक्सारनं फोन तिच्या कानाशी नेला तर तिनं मान फिरवली. समोर येऊन सांग म्हणावं.

साडेतीन तास हा आकडा त्याचाच होता. त्यानंच तो तिच्या हातात दिला होता, एखाद्याला खोटं नाणं द्यावं तसा. आकारामनाना विट्याचेच, दिब्रुगढला त्यांचं दुकान होतं आणि त्यांना हाताखाली माणूस हवा होता. नानांनी घरी येऊन, चहा पिता पिता सरळ सांगून टाकलं होतं की रेल्वेनं तीन दिवस लागतात, दोन ठिकाणी गाडी बदलायची. नाना गेले आणि अम्मा परातीपुढं बसली ती पिठात हात घालून बसलीच. अब्बा, शमशेर मणेर, जाऊन तेव्हा वर्ष झालं होतं. दोन दिवस ती कुणाशी धड बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तौसीफनं फोनवर एक पान शोधून काढलं. त्यात दोन ठिपके होते, एक पुणे, एक दिब्रुगढ, आणि दोन्हींमध्ये वाकलेली एक रेघ, सुपाच्या कडेसारखी. तेवीसशे पंचाहत्तर किलोमीटर. विमानानं साडेतीन तास. त्यानं ते तिच्यापुढं धरलं. इट्यावनं पुण्याला एस्टीला ह्याच्यापेक्षा जास्त येळ लागतो, म्हणाला. तिनं पिठाचं बोट लांबूनच त्या रेघेवरून फिरवलं, काचेला न लावता. "मधी कुटं थांबत न्हाई?" तो म्हणाला, न्हाई. नानांनी विमानाचं तिकीट काढलंय. त्यानं तोवर विमान जवळून पाहिलंही नव्हतं. तसं थेट जाणारं विमानच नाही, ती रेघ म्हणजे कुणीतरी पट्टी लावून मोजलेलं नुसतं आकाश आहे, हे त्याला पुढं कळलं. पण रेल्वेचं तिकीट तेव्हाही त्याच्या खिशात होतं, आणि ते त्याला माहीत होतं.

निघायच्या दिवशी तिनं दशम्या बांधून दिल्या. दुधात भिजवलेल्या, केवढी तरी चळत, वर शेंगदाण्याची चटणी, लसणीचा वास गाठोड्यातून बाहेर येत होता. साडेतीन तासाला एवढं कशाला, असं तो हसून म्हणाला होता. "भूक काय घड्याळ बघती व्हय," ती म्हणाली आणि गाठ आणखी आवळली. गाडीत बसल्यावर त्यानं बरोबर साडेतीन तास मोजले आणि दौंडच्या पुढं कुठंतरी, दोन डब्यांच्या मधल्या जागेत उभं राहून, एक कान बोटानं बंद करून, तिला पोचलो म्हणून सांगितलं. पायाखाली रूळ खडखडत होते आणि पाठीमागून चहावाला ओरडत गेला. पलीकडं तिलाही ते ऐकू गेलं. मग म्हणाली, तिकडं विमानतळावर च्या इकायला येत्यात व्हय? बरं हाय मग. जेवून घे. त्याला तेव्हा तिच्या भोळेपणानं भरून आलं होतं. इतकं भोळं माणूस मागं ठेवून आपण चाललो, असं वाटून त्यानं त्या रात्री दशमीचा पहिला तुकडा मोडला तो बराच वेळ हातातच ठेवला. दशम्या पुढं तिसऱ्या दिवसापर्यंत पुरल्या. शेवटची अर्धी त्यानं ब्रह्मपुत्रेवरच्या पुलावर खाल्ली. खाली पाणी संपतच नव्हतं, आणि दशमीला अजूनही तिच्या हाताचा वास होता.

कात्रजचा बोगदा संपला आणि ऊन एकदम गाडीत आलं. बिराप्पानं पाण्याची बाटली मागं केली, तौसीफनं मान हलवली. बिराप्पाच्या लक्षात आलं; त्यानंही आपली उघडलेली बाटली न पिता झाकण लावून दारात खोचली. तौसीफ म्हणाला की तुमी प्या, तुमाला काय बंधन. बिराप्पा म्हणाला, "एकट्यानं पिलेलं पानी गोड लागत न्हाई ओ." आणि मग प्रवासात रोजा सोडला तर चालतो म्हणं तुमच्यात, आमच्या गावचा मुजावर सांगायचा, असंही. चालतो. तौसीफला माहीत होतं. प्रवाशाला सूट असते, नंतर भरून काढायचा. पण सकाळपासून त्याला वाटत होतं की आज आपण काहीतरी धरून ठेवायला हवं आणि हाताशी धरण्यासारखं दुसरं काही नव्हतं. विमानात खिडकीशी बसून तो सूर्याकडं बघत होता. रोजचा सूर्य त्याला सोडून पुढं पळायचा. आज तो सूर्याच्या मागून चालला होता, आणि दिवस लांबत होता, रबरासारखा, संपता संपत नव्हता. तहान लांबत होती. कोलकात्यात दोन तास लोखंडी खुर्चीवर बसून त्यानं ते जुनं पान पुन्हा उघडलं होतं. ते होतं तसंच होतं. तेच दोन ठिपके, तीच रेघ. त्या पानाला ही खुर्ची माहीत नव्हती, रांग माहीत नव्हती, पट्टा काढून ट्रेमध्ये ठेवणारा माणूस माहीत नव्हता. काल अकरापासूनचे तास त्यानं मोजायला घेतले आणि मध्येच सोडून दिले.

पाच वाजून अठरा मिनिटं. खेड-शिवापूरचा टोलनाका. पुढं ट्रकची रांग. त्यानं फोन मांडीवर सुलटा ठेवला. पाच एकोणीस. तिकडं आता गल्लीत सावल्या नाहीशा होत असतील, शेजारचा समोशाची कढई उतरवत असेल, दुकानाच्या कुलपावर संध्याकाळ आली असेल. पाच वीस. इकडं सूर्य अजून डोंगरावर हातभर होता आणि टोलनाक्याचे पत्रे तापून चमकत होते. फोन वाजला नाही. काल दवाखान्यातूनही दोन घंट्या आल्या होत्या; नऊ वर्षांत असं पहिल्यांदा झालं. पाच एकवीस. ती दवाखान्यात आहे, फोन रुक्सारच्या पर्समध्ये असेल, आपण इथं आहोत हे तिला माहीत आहे, मग ती तिकडच्या वेळेला कशाला वाजवील, असं तो स्वतःला समजावत होता, आणि त्याच वेळी फोनचा आवाज मोठा आहे ना ते पुन्हा पुन्हा बघत होता. रुक्सारला फोन लावावा तर ती जे सांगेल ते ऐकण्याची ताकद नव्हती. पाच चोवीसला बिराप्पानं आरशातून बघितलं आणि उजवीकडच्या रांगेत गाडी घुसवून, एका ट्रकवाल्याच्या शिव्या खात, नाका पार केला.

अम्मा जात्यावर बसायची तेव्हा ओव्या म्हणायची. विट्यात त्यांच्या आळीत सगळ्याच बायका म्हणायच्या. अंजनाकाकू, आकारामनानांची बायको, समोरचा खुंटा धरायची आणि अम्मा इकडचा. गिरणी आली, जातं कोपऱ्यात गेलं, पण हरभऱ्याची डाळ भरडायला ते अजून निघायचं. गेल्या वर्षी तो ईदला घरी आला तेव्हा पहाटे झोपेत त्याला घरघर ऐकू आली आणि तिच्यावर अम्माचा जाड, थोडा फुटका आवाज:

दिस उगवतो बाई, आदी लेकाच्या गावाला
मग उष्टं ऊन त्याचं, येतं माझ्या गं दाराला

उष्टं ऊन. त्यानं उशीत तोंड खुपसून ते दोन शब्द पुन्हा पुन्हा ऐकले होते. लहानपणी ती त्याच्या ताटातलं उरलेलं खायची, तसंच ती रोज अंगणात त्याचं उरलेलं ऊन अंगावर घेत होती तर. तेव्हाच तिला सांगायला हवं होतं, की अम्मा, ते साडेतीन तास खोटे आहेत. पण ती डाळ पाखडायला उठली आणि सुपाच्या आवाजात ते राहून गेलं. राहून गेलेल्या गोष्टी अशाच असतात, साध्या, सुपाच्या आवाजाएवढ्या. खंबाटकीत गाडी पाच मिनिटं अडकली तेव्हा तो त्याच विचारात होता. घाटात पुढच्या गाड्यांचे लाल दिवे वळणावळणानं वर गेले होते. बिराप्पा त्याच्या बायकोची गोष्ट सांगत होता, ती माहेरी जाताना नेहमी चार दिवस म्हणून जाते आणि पंधरा दिवसांनी येते, आणि मी दर बारीला चार दिवसाचंच दूध घेऊन ठिवतो. तौसीफ हसला. आपण हसलो याचं त्याला नवल वाटलं. सुरूरच्या पुढं वाई फाटा मागं पडला, पाचवड गेलं, उसाच्या शेतावरून ऊन तिरकं येऊन त्याच्या गुडघ्यावर पडलं. हे ऊन तिकडं कधीच बुडालं होतं. म्हणजे हेही उष्टंच. तो गुडघा त्यानं हलवला नाही.

दवाखान्याच्या दारात रुक्सार उभी होती. भाईजान म्हणून ती त्याला बिलगली नाही, नुसता त्याचा हात धरून ओढत जिन्याकडं घेऊन गेली. सहा पस्तीस झाले होते. बाई वरच आहेत, सगळी तयारी आहे, फक्त सही. जिन्यावर तो रस्ताभर जुळवलेली वाक्यं पुन्हा जुळवत होता. अम्मा, मी तुला फसवलं. अम्मा, मला दीड दिवस लागला. पडदा सरकला. ती पलंगावर लहान दिसत होती, एखाद्या मुलीला मोठ्यांच्या पलंगावर झोपवावं तशी. नाकाशी नळी, हाताला सुई. केसांना तेल लावलेलं होतं. ते बहुतेक तिनं रुक्सारकडून हट्टानं लावून घेतलं असणार, लेक येणार म्हणून.

"आलास," ती म्हणाली.

"आलो."

"किती येळ लागला?"

सगळी वाक्यं जिन्यावरच राहिली. "साडेतीन तास," तो म्हणाला.

तिच्या ओठांचा कोपरा हलला. तिनं त्याचा हात उलटा केला, तेजाबानं पिवळी पडलेली नखं एकेक करून बघितली. मग त्या नखांकडं बघतच विचारलं, "दशम्या पुरल्या व्हत्या का रं?"

"कसल्या?"

"पयल्यांदा गेलास तवा. तीन दिसांच्या बांधल्या. एक दिस जास्तीचा धरावा का म्हनून लय इचार केला. दूध तेवढंच व्हतं."

यंत्र टिक्टिक् करत होतं. रुक्सारनं भावाकडं बघितलं, तिला काही कळलं नव्हतं. तौसीफच्या पायाखाली दौंडच्या पुढचे रूळ खडखडले, चहावाला ओरडत गेला. नऊ वर्षं. नऊ वर्षं ती शेजारणींना, पाहुण्यांना, बाजारात भेटेल त्याला सांगत होती की माझा ल्योक साडेतीन तासावर हाय.

"पुरल्या," तो म्हणाला. "मग काल बाईंना का सांगितलंस तसं?"

"दीड दिस लागंल म्हनलं असतं तर थांबल्या असत्या व्हय त्या? साडेतीन तास म्हनलं की मानूस थांबतं." तिनं डोळे मिटले, दम घेतला. "मी न्हाई थांबले?"

बाई आत आल्या होत्या. कागद आला. अम्मानं पेन मुठीत धरून, एकेक अक्षर मोठं काढत, ताहेरा शमशेर मणेर असं लिहिलं. पहिल्या अक्षराचा काना कागदाबाहेर गेला. पलंगाच्या चाकांची खीळ निघाली. तौसीफला वाटलं, आता विचारलं नाही तर हेही सुपाच्या आवाजात जाईल. तो तिच्यावर वाकला. "अम्मा, काल अकराला तुझा फोन आला व्हता."

ती छताकडं बघत राहिली. रुक्सारनं सांगितलेलं त्याला आठवत होतं, भिंतीला टेकलेली, फोन कानाला. साडेबारापर्यंत कानाला.

"बोट लागलं आसंल," अम्मा म्हणाली.

तिनं जसं त्याचं विमान मानलं होतं, चहावाल्यासकट, तसंच आता त्याला हे मानायचं होतं. ते किती जड असतं ते तिनं इतकी वर्षं कुणाला दाखवलं नव्हतं.

"मला बी तसंच वाटलं," तो म्हणाला. "म्हनून मी उलट केला न्हाई."

"ब्येस केलंस." उशीखालून तिनं आपला फोन काढला, आकडे झिजलेला, मागं रबर लावलेला, आणि त्याच्या हातात दिला. "आत न्हेऊ देत न्हाईत. हितली येळ अजून व्हायची हाय. झाली की मिस कॉल दे."

"कुनाला?"

"तुला. दुसरं कोन हाय माझं लांब."

पलंग गेला. दाराची काच हलून स्थिर झाली. वसीम खजूर आणि पाण्याची बाटली घेऊन आला, त्याच्या मागं बिराप्पाही वर आला होता आणि भिंतीपाशी चपला हातात घेऊन उभा राहिला. खिडकीतून अजिंक्यताऱ्यावरचं ऊन चढत चढत शेवटच्या दगडावर गेलं. मग तेही निघून गेलं आणि खालच्या गल्लीतून बांग आली. तौसीफनं अम्माच्या फोनवर आपला नंबर दाबला. त्याच्या खिशातला फोन छातीवर थरथरला. एक घंटी. दोन. वसीमनं खजूर पुढं केला. रुक्सार म्हणाली, "कट कर की भाईजान. रोजा खोल."

"वाजू दे," तो म्हणाला. "एकदा शेवटपर्यंत वाजू दे."